कृषी सल्ला : नदीचे पाणी, खाडीचा क्षार आणि जिप्समचे पोते

चिपळूणच्या खालच्या बाजूस वाशिष्ठीकाठी शेत असलेले एक शेतकरी विचारतात की, फेब्रुवारीत नदीवर पंप लावून मिरचीला पाणी दिल्यावर पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. दुकानदाराने करपा रोग सांगून बुरशीनाशक दिले, दोन फवारण्या झाल्या, फरक पडला नाही; आता पुढे काय फवारावे?

काहीही फवारू नये. करपा रोगाचे ठिपके पानाच्या मध्यावरही दिसतात; येथे पान टोकाकडून आणि कडेने आत वाळत गेले आहे, आणि सकाळी वरंब्याच्या माथ्यावर पांढरी पूड दिसते का हे पाहिल्यास ती बहुधा दिसेल. तो क्षार आहे, आणि तो आपल्याच पंपाने शेतात आला आहे. कोकणातील नद्या सह्याद्रीतून उतरून थोड्याच अंतरात खाडीला मिळतात, त्यामुळे एकाच नदीचे पाणी वर गोडे आणि काही मैल खाली मचूळ असते. वाशिष्ठीला कोयनेच्या वीजगृहांतून आणि कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजगृहातून सोडलेले पाणी मिळत असल्याने उन्हाळ्यात त्यांचा प्रवाह टिकतो, परंतु वीजगृह बंद असताना तो घटतो आणि भरती वर सरकते. शास्त्री, काजळी, मुचकुंदी, गड या नद्यांना असा आधार नसल्याने तेथे मार्चपर्यंत खाडी आणखी आत येते. दिसायला पाणी तेवढेच, किंबहुना भरतीमुळे जास्तच असते, आणि नेमकी तेथेच फसगत होते.

पंप सुरू करण्यापूर्वी बाटलीभर पाणी भरून त्याची विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातील क्षाराचे माप, मोजून घ्यावी. ती प्रति मीटर 0.75 डेसिसायमनपर्यंत असल्यास चिंता नाही, 2.25 च्या वर असल्यास ते पाणी भाजीपाल्याला देऊ नये. पंप लावायचाच असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात कधीही नाही. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती लहान असताना, तेही ओहोटी संपता संपता लावावा. मोजमाप न करता दुकानातून औषधाची बाटली आणू नये. जमिनीतील मीठ काढून टाकणारे द्रव औषध अस्तित्वात नाही, ते कोणी कितीही विश्वासाने विकत असले तरी.

दुसरा प्रश्न अंबा नदीकाठच्या खारेपाटातील, म्हणजे खाडीलगतच्या खार जमिनीच्या पट्ट्यातील आहे. उधाणाला बांधाला खांड (भगदाड) जाऊन भातखाचरात खारे पाणी शिरले. दुकानदार एकरी दहा पोती जिप्सम टाकण्यास सांगत आहे, ते योग्य आहे काय?

नाही. हा सल्ला मला दरवर्षी ऐकू येतो आणि दरवर्षी माझे उत्तर नाहीच असते. जिप्सम चोपण जमिनीचे औषध आहे, जेथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते आणि सामू (पीएच) 8.5 च्या वर जातो. आपल्या खार जमिनीत मीठ पाण्यात विरघळलेल्या स्थितीत असते, त्यामुळे ते पावसाच्या पाण्यानेच धुऊन जाते. एका खाचरात मी स्वतः पाहिले आहे की जिप्समची पोती बांधावर फुटून पडली होती आणि शेजारचे खाचर, ज्यात फक्त पाणी बदलले होते, हिरवेगार होते. म्हणून आधी खांड बुजवावी, मग जूनच्या पावसाचे पाणी खाचरात कोंडून दोन-तीन दिवसांनी ओहोटीच्या वेळी उघाडीतून (बांधातील झडपेच्या दारातून) सोडावे आणि हे तीन-चार वेळा करावे. त्यानंतरच मोड आलेले बियाणे फेकून पेरावे किंवा लावणी करावी; लावणीस पनवेल-3 सारखी क्षार सोसणारी जात घ्यावी. घाई करून धुण्याआधी लावणी केल्यास रोपे जगत नाहीत, आणि मग दोष बियाण्याला दिला जातो. माती परीक्षणाची पत्रिका हाती नसताना जिप्समचे पोते उचलू नये.

महाडकडील सावित्रीकाठचे शेतकरी विचारतात की, पूर ओसरल्यावर पिवळ्या पडलेल्या भाताला लगेच युरिया द्यावा काय. देऊ नये, आधी पाणी निचरू द्यावे, नवे पान फुटल्याचे दिसावे, मगच द्यावा. शिफारस हेक्टरी 100 किलो नत्राची असून फुटव्याच्या वेळी त्यातील 40 टक्के द्यावयाचे असते, म्हणजे गुंठ्याला सुमारे 870 ग्रॅम युरिया होतो. यापेक्षा जास्त दिल्याने भात लवकर सावरत नाही, फक्त लोळतो आणि करप्याला बळी पडतो. दुकानातील माणूस गुंठ्याला दोन किलो सांगत असेल तर तो तुमच्या शेताचा नव्हे, स्वतःच्या गोदामाचा हिशोब करत आहे.

आता माझा आग्रह. भरतीच्या हद्दीच्या वर ज्यांची शेते आहेत त्यांनी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच ओढ्यावर, नदीच्या उपशाखेवर वनराई बंधारा घालावा. सिमेंटची रिकामी पोती, वाळू-माती आणि आठ-दहा घरांची दोन दिवसांची अंगमेहनत एवढ्यावर तो उभा राहतो. जानेवारीत प्रवाह आटल्यावर घातलेला बंधारा कोरडाच उभा राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या साठ्यावर कलिंगड, भाजीपाला सहज होतो. वालाला तर बहुतेक ठिकाणी जमिनीतील ओलच पुरते. पंप वा शेततळ्यासाठी अनुदान हवे असल्यास सातबारा, आठ-अ आणि शेतकरी ओळख क्रमांकासह राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज करावा, बाकी माहिती सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) देतील. बंधाऱ्यासाठी मात्र अर्जाची वाट पाहत बसू नये, कारण तोवर नदी आटलेली असते.