दार अडलंय? आधी पेचकस, मग रंधा

प्रश्न : आमच्या खोलीचं सागवानी दार उन्हाळ्यात अगदी मोकळं असतं. जुलै लागला की इतकं घट्ट बसतं, की उघडायला खांदा लावावा लागतो. सुतार म्हणतात, कडेनं दोन सूत रंधा मारून टाकू. मारून घ्यावा का? – मानेवाडा, नागपूर

उत्तर : आत्ता नको. दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर. ऑगस्टमध्ये एवढं लाकूड काढलंत, तर मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेल्यावर त्याच फटीतून धूळ आणि झळा आत येतील. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

लाकूड ओल पिऊन फुगतं, पण त्यातल्या तंतूंच्या रेषांच्या आडव्या दिशेनं. रेषांच्या लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. दाराच्या उभ्या पट्ट्यांच्या रेषा उभ्या असतात, म्हणून पावसाळ्यात दार रुंदीला वाढतं, उंचीला नाही. कडीकडची कड वरपासून खालपर्यंत सारखी घासत असेल, तर दोष ओलीचा. फक्त वरचा कोपरा चौकटीला किंवा खालचा कोपरा फरशीला घासत असेल, तर दार बिजागरीवरून ओघळलंय. मग पाऊस असो वा नसो, ते अडणारच.

नेमकी जागा शोधायला चौकटीच्या आतल्या कडेवर रंगीत खडू घासा, दार लावा आणि उघडा. जिथं खडू दारावर उमटेल, तिथंच अडतंय. आता दार अर्धं उघडून हँडलला धरून वर उचलून पाहा. वरच्या बिजागरीत हालचाल दिसली तर पेचकस घ्या. स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर भोक सैल झालंय. दाराखाली लाकडी पाचर सारून वजन पेला, स्क्रू काढा, भोकात फेविकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठासून भरा आणि एक दिवस वाळू द्या. वर आलेल्या काड्या पटाशीनं कापून तिथंच बारीक भोक पाडा आणि आधीपेक्षा लांब, 50 मिलिमीटरचा स्क्रू बसवा. काड्या ओल्या असतानाच स्क्रू पिळला तर आठवड्याभरात पुन्हा तेच होतं. स्क्रू घट्ट असूनही कोपरा घासत असेल, तर खालच्या बिजागरीच्या पात्यामागं एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घाला. खालची बाजू तेवढी पुढं सरकते आणि कडीकडचा कोपरा वर उचलला जातो. बरीच दारं एवढ्यावरच सुटतात.

दार खरोखर फुगलेलंच असेल, तर सध्या खडूच्या खुणेवर 80 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा आणि मेणबत्ती घासा. पोळा होऊ द्या, दिवाळी होऊ द्या. लाकूड सुकलं की दार उतरवून त्याची खालची आणि वरची कड पाहा. या दोन कडा डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून कारागीर त्या तशाच सोडतात, आणि उभ्या पट्ट्यांची उघडी टोकं तिथंच ओल पितात. रंधा मारायचाच असेल तर तेव्हा मारा. कडीच्या बाजूला साधारण एक सूत फट राहील इतकाच, आणि जी कड चौकटीत आधी शिरते ती किंचित उतरती ठेवून. मग प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात सहाही बाजूंना द्या. रंधा मारलेली कड कोरी ठेवली तर पुढच्या जुलैत दार पुन्हा अडेल.

प्रश्न : पश्चिमेकडच्या लोखंडी जाळीच्या दाराची चावी सकाळी फिरते, दुपारी अडकते. उन्हानं लोखंड फुगतं का? कुलपात खोबरेल सोडून पाहिलं. – नंदनवन

उत्तर : फुगतं, पण फार थोडं. एक मीटर लोखंड 30 अंशांनी तापलं तर सुमारे 0.36 मिलिमीटर वाढतं. एवढ्यानं चावी अडत असेल, तर कुलपाचा बोल्ट आणि चौकटीतलं त्याचं भोक आधीच एकमेकांना घासत आहेत. ऊन फक्त शेवटचा धक्का देतं.

दुपारी दार उघडं ठेवून चावी फिरवून पाहा. उघड्या दारात सहज फिरत असेल तर कुलूप ठीक आहे, ते बदलण्यात पैसे घालू नका. बोल्टच्या टोकाला लिपस्टिक किंवा शाई लावून दार बंद करा. भोकाच्या ज्या कडेला डाग पडेल, ती कानशीनं एक-दीड मिलिमीटर घासा. डाग खालच्या कडेला पडला तर दार ओघळलंय. खुंटीची बिजागरी असेल तर दोघांनी दार उचलून प्रत्येक खुंटीवर ग्रीस लावलेला एकेक वॉशर घाला. वॉशरच्या जाडीइतकं दार वर येतं.

खोबरेल मात्र थांबवा. थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरून आत चिखल करतं. पेन्सिलीच्या शिसाची बारीक पूड चावीला चोळून चावी आत-बाहेर करा. तेल-ग्रीस बिजागरीला, पूड कुलपाला.

प्रश्न : खोलीचं दार बंद झालंय, हँडल नुसतंच खाली-वर होतं, लॅच मागं येत नाही. आत कोणी नाही. व्हिडिओत बिजागरीच्या खिळ्या ठोकून काढायला सांगतात. – धरमपेठ

उत्तर : आपल्याकडच्या बहुतेक बिजागऱ्यांच्या खिळ्या दोन्ही टोकांना ठोकून पक्क्या केलेल्या असतात, त्या निघत नाहीत. हँडलच्या पट्टीचे स्क्रू काढा. आत चौकोनी सळई दिसेल. ती पक्कडीनं धरून हँडल फिरतं त्या दिशेनं फिरवा. लॅच मागं आला तर हँडलचा छोटा स्क्रू ढिला झालाय किंवा हँडलच्या आतलं चौकोनी भोक झिजून गोल झालंय. म्हणजे फक्त हँडल बदला. सळई फिरूनही लॅच हलला नाही तर बिघाड कुलपाच्या आत आहे. मग एकानं दार चौकटीकडे दाबून ताण कमी करायचा आणि दुसऱ्यानं फटीतून पातळ स्टीलची पट्टी घालून लॅच मागं ढकलायचा. पहार लावू नका. कुलपापेक्षा चौकटीची फुटलेली कड महाग पडते. नवं कुलूप आणताना जुनं सोबत न्या. हँडलच्या सळईपासून चावीच्या भोकापर्यंतचं अंतर जुळलं नाही तर ते बसणार नाही.

प्रश्न : सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. परवा बाथरूमची कडी आतून अडकली आणि त्या वीस मिनिटं आत होत्या. पुन्हा असं झालं तर? – प्रतापनगर

उत्तर : आधी त्यांच्याशी बोलत राहा आणि त्यांना दारापासून दूर, शक्य असेल तर बसायला सांगा. माणूस घाबरून दार स्वतःकडे ओढत राहिला की कडीवर ताण येतो आणि ती सरकत नाही. दार आत उघडत असेल तर तुम्ही बाहेरून हँडल धरून ते आपल्याकडे ओढा, बाहेर उघडत असेल तर कडीच्या उंचीवर तळहातानं दाबा, थोडं उचला, आणि त्याच क्षणी त्यांना कडी सरकवायला सांगा. उत्तर येत नसेल किंवा त्या पडल्या असतील, तर वेळ घालवू नका. 101 किंवा 112 ला फोन करा. गीझर गॅसचा असेल तर त्याचा सिलिंडर बाहेरून लगेच बंद करा.

आणि ती कडी या आठवड्यातच काढा. बाहेरून नाण्यानं किंवा पेचकसानं फिरवता येईल अशी खाच असलेली बाथरूमची कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या, कारण पडलेलं माणूस दाराला आडवं आलं की आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

प्रश्न : नव्या घराची दोन दारं वर्षात तीनदा घासून घेतली. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरपी भेगही गेली आहे. – बेसा

उत्तर : मग दाराला हात लावू नका, चौकट मोजा. समोरासमोरच्या कोपऱ्यांत टेप धरून दोन्ही कर्ण घ्या. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चौकट तिरकी झाली आहे. नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया त्या मातीतच उथळ बसला असेल तर घरही तिच्याबरोबर हलतं. तुमची दारं ही हालचालच दाखवत आहेत. भेगेच्या टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा आणि दर महिन्याला पाहा. छपराचं पाणी, मोरीचं पाणी, गळका नळ भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर ते आधी दूर वळवा; एका कोपऱ्यात ओली आणि दुसऱ्यात कोरडी माती हेच सर्वांत घातक. भेग वाढत असेल किंवा तिच्यात पाच रुपयांचं नाणं उभं शिरत असेल, तर सुताराला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तोवर भेगेत लांबी (पुट्टी) भरू नका, म्हणजे ती किती वाढली हे त्यांना दिसेल.