पशुवैद्यक नसताना क्लिनिकमध्ये राहून प्राण्यांच्या वर्तनात करिअर होऊ शकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: झूलॉजीत बी.एससी. झालंय, ऐरोलीला राहता, काही वर्षांपासून एका पेट क्लिनिकमध्ये असिस्टंट आहात. डॉक्टर नसल्यामुळे तिथे पुढे वाव नाही असं वाटतं, म्हणून नोकरी सोडून 'डॉग बिहेविअरिस्ट'चा, म्हणजे कुत्र्यांच्या वागण्यातल्या अडचणी सोडवणाऱ्याचा, ऑनलाइन कोर्स करायचा आणि स्वतःचं काम सुरू करायचं, असा विचार आहे.

मी पशुवैद्यक आहे, ठाण्यात घोडबंदर रोडला प्रॅक्टिस करते आणि वर्तनाच्या केसेस आवर्जून घेते. माझं म्हणणं एवढंच, की कोर्स जरूर करा, पण क्लिनिक सोडू नका. वर्तनाची तक्रार घेऊन आलेला प्राणी पुष्कळदा आजारी असतो, आणि हे कळायला शिकायचं तर क्लिनिकसारखी दुसरी जागा नाही.

एक केस सांगते. वाघबीळच्या एका सोसायटीतला वयस्कर लॅब्रेडॉर कुत्रा, 'अचानक चावरा झालाय' म्हणून आणला होता. घरातली छोटी नात जवळ आली की गुरगुरायचा. कुणीतरी चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घालायला सांगितलं होतं, ती गळ्यात होतीच. मी आत दुसऱ्या पेशंटमध्ये होते. आमच्या असिस्टंटने त्याला दारापासून वजनकाट्यापर्यंत चालताना पाहिलं आणि आत येऊन म्हणाला, "मॅडम, हा बसताना मागचे पाय एका बाजूला टाकतो. उठताना सगळा जोर पुढच्या पायांवर घेतोय." एक्स-रे काढला तर दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले. नात लाडाने त्याच्या कमरेवर रेलायची आणि त्याला कळ यायची. गुरगुरण्याखेरीज ते सांगायचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नव्हता. वेदनेची औषधं सुरू केली, वजन उतरवलं, घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर रबरी मॅट टाकायला लावली, त्याच्या गादीजवळ मुलीने जायचं नाही असा नियम केला. चेन त्याच दिवशी निघाली. गुरगुर हळूहळू थांबली.

हे अपवादाने घडतं असं समजू नका. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनिएल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली मांडलं, की वर्तनासाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी निदान एक तृतीयांश प्राण्यांत कसलं ना कसलं दुखणं असतं, आणि काही ठिकाणी हा आकडा ८० टक्क्यांच्या घरात जातो. घरोघरी जाऊन एकटं काम करणाऱ्याला हे दुखणं सापडणार कसं? तपासायचा अधिकार नाही, एक्स-रे नाही, रक्त-लघवीची तपासणी नाही.

मांजरांच्या बाबतीत तर हे जिवावर बेततं. 'बोका मुद्दाम गादीवर शू करतो, राग काढतो' असा फोन आला, तर घेणाऱ्याने पहिलं विचारायला हवं: लघवी होतेय का? किती? जोर लावतोय का? ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय का? बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी अपॉइंटमेंट 'शनिवारी संध्याकाळी' द्यायची की 'आत्ता निघा' म्हणायचं, हे काउंटरवरचा माणूस ठरवतो. म्हणजे आज तुम्ही ठरवता.

आता कायद्याचं. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच पशुवैद्यकीय उपचार करता येतात. फ्लुओक्सेटीन, क्लोमिप्रामीन यांसारखी चिंतेवरची औषधं तुम्ही सुचवूसुद्धा शकत नाही, आणि सुचवू नयेत. उलट 'बिहेविअरिस्ट' हे नाव आपल्याकडे कुठल्याच कायद्याने बांधलेलं नाही. आठवड्याचा कोर्स केलेला माणूसही ते कार्डावर छापतो, आणि बिचाऱ्या पेट पॅरेंटला फरक कळत नाही. या गर्दीत तुमचं वेगळेपण कशात असेल? 'मी डॉक्टरांबरोबर काम करते' या एका वाक्यात. त्या वाक्याला ठाणे-नवी मुंबईत फार किंमत आहे, कारण ते म्हणू शकणारी माणसं कमी आहेत.

मग क्लिनिकमध्ये राहून करायचं काय?

सुरुवात टेबलापासून करा. स्टीलचं टेबल थंड आणि निसरडं असतं, कुत्र्याचे पाय घसरतात, तो घाबरतो, मग चार जण मिळून त्याला दाबतात आणि पुढच्या वेळी तो दारातूनच मागे ओढतो. टेबलावर रबरी मॅट टाका. मोठ्या कुत्र्याला जमिनीवरच तपासायला डॉक्टरांना सुचवा. इंजेक्शनच्या वेळी तोंडासमोर चाटायला काहीतरी धरा, पीनट बटर असेल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात, कुत्र्यांना विषारी) नाही ना हे डब्यावर वाचून. मांजराला मानगुटीला धरून पिंजऱ्यातून ओढू नका. वरचं झाकण निघणारा कॅरिअर घ्यायला सांगा, झाकण काढा आणि खालच्या भागात बसलेलं असतानाच त्याला तपासू द्या. मांजरांना कुत्र्यांच्या रांगेत बसवू नका. वेगळी खोली नसेल तर वेगळी वेळ ठेवा, आणि कॅरिअर जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, वर टॉवेल टाकून. यातलं काहीही महाग नाही, पण कुणीतरी जातीने लक्ष घातल्याशिवाय होत नाही. ते तुम्ही घाला. कमी ताणाच्या हाताळणीचं शिक्षण देणारे 'फिअर फ्री'सारखे ऑनलाइन कोर्स आहेत, त्यांचा खरा उपयोग क्लिनिकमध्ये असणाऱ्यालाच होतो.

दुसरं, हिस्टरी. वर्तनाच्या केसला तासभर तरी लागतो आणि ओपीडीत डॉक्टरकडे तेवढा वेळ नसतो. तुम्ही आधी फोनवर माहिती घ्या: नेमकं काय होतं, कधीपासून, त्याच्या आधी काय घडतं, नंतर घरचे काय करतात, झोप किती, जिन्यावर-लिफ्टमध्ये कसा वागतो. मोबाइलवर व्हिडिओ मागवा, पण तो मिळवण्यासाठी प्राण्याला मुद्दाम चिडवायचं नाही हे बजावून सांगा. डॉक्टरच्या हातात असा कागद आला की निदानाचं काम निम्मं होतं. उपचार सुरू झाल्यावर दर आठवड्याला फोन करायचं कामही तुमचंच. या औषधांचा परिणाम दिसायला अनेक आठवडे लागतात आणि लोक दहा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून बंद करतात.

तिसरं आपल्या गावचं. ठाण्यातल्या तलावपाळीच्या गणपती विसर्जनाचे ढोल, डीजे आणि पाठोपाठ दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी क्लिनिकचा फोन वाजत असतो: 'कुत्रा पलंगाखालून निघत नाही, काहीतरी द्या.' तोवर फार थोडं करता येतं. फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावून, खाऊ देत देत सवय लावायला महिने लागतात, आणि औषध लागणार असेल तर ते आधी शांत दिवशी देऊन बघावं लागतं. क्लिनिकच्या फाइल्समधून असे घाबरणारे कुत्रे शोधा आणि त्यांच्या घरी श्रावण लागण्याआधीच फोन करा. एका दिवाळीत तुमच्या डॉक्टरांना तुमच्या कामाचं मोल कळेल.

पिल्लांचंही तसंच. जगाची ओळख करून घ्यायचं पिल्लाचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचं, आणि नेमका तोच काळ 'लसीकरण पूर्ण होऊ दे' म्हणून चार भिंतींत जातो. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या संसर्गांची भीती खरी आहे, म्हणून पिल्लाला रस्त्यावर उतरवायचं नाही. पण कडेवर घेऊन रिक्षा, वॉचमन, शाळेची पोरं, छत्र्या दाखवता येतात. लसीला आलेल्या प्रत्येक घराला हे सांगणारं कुणीतरी हवं.

पदव्यांचं पटकन सांगते. बारावीला पीसीबी असेल आणि नीट द्यायची तयारी असेल तर बी.व्ही.एससी., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, हा राजमार्ग. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असेलच, त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्तनातलं खरं स्पेशलायझेशन मात्र डॉक्टर झाल्यावरच. अमेरिकेत त्यासाठीच्या 'कॉलेज'ला, म्हणजे तज्ज्ञांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेला, १९९३ साली मान्यता मिळाली, त्यात पदवीनंतर काही वर्षांची रेसिडेन्सी आणि परीक्षा असते. डॉक्टर न होता शिकायचं असेल तर एडिनबरा विद्यापीठाचा प्राणी-वर्तन आणि कल्याणाचा एम.एससी. जुना आणि नावाजलेला आहे, झूलॉजीवाल्यांनी त्याचा विचार करावा. खर्च मात्र मोठा आहे. ट्रेनिंगकडे जायचं तर सीपीडीटी-केए ही कुत्र्यांच्या ट्रेनर्सची प्रमाणपत्र परीक्षा बघा. तिला बसण्याआधी ट्रेनिंगचा ३०० तासांचा अनुभव लागतो, आणि ही अट मला फार आवडते. कुठलाही कोर्स निवडताना त्यांना चोक चेन आणि 'अल्फा'बद्दल विचारा. कुत्र्यावर वर्चस्व गाजवायला शिकवत असतील तर पैसे भरू नका.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. असिस्टंटचा पगार कमी असतो आणि नुसतं 'मला वर्तनात रस आहे' म्हणून तो वाढणार नाही. डॉक्टरांपुढे ठोस प्रस्ताव ठेवा: वर्तनाच्या केससाठी ओपीडीपेक्षा वेगळी फी, आठवड्यातली एक दुपार फक्त त्यासाठी, हिस्टरी आणि फॉलोअप तुमच्याकडे, तपासणी-निदान-औषधं डॉक्टरांकडे, आणि फीतला ठरलेला वाटा तुम्हाला. घरी जाऊन सराव करून घ्यायच्या सेशनचे पैसे वेगळे. हे सगळं कागदावर लिहून घ्या. तुमच्या डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं तर वाशी-नेरुळपासून ठाण्यापर्यंत दुसरी क्लिनिक्स आहेत. तिथे जाताना तुम्ही घेतलेल्या पाच-सहा चांगल्या हिस्टऱ्या, घरच्यांची नावं काढून आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन, सोबत न्या. हिस्टरीच्या फॉर्ममध्ये कोणते प्रश्न ठेवायचे यावर अडलात तर इथेच विचारा, आमच्याकडचे प्रश्न सविस्तर लिहीन.