पुण्याच्या छावणीतले आयरिश खापरपणजोबा: सैन्यातली नोकरी आणि कुटुंब कसं शोधायचं?

तुमच्याकडे खापरपणजोबांचं फक्त नाव आहे आणि ते १८६०च्या सुमारास पुण्याच्या छावणीत शिपाई होते एवढी माहिती. तेवढ्यावरून माणूस शोधायला जाऊ नका, आयरिश पलटणीत एकाच नावाचे कितीतरी असत. आधी पलटण पक्की करा.

ती बहुधा मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडते, कारण तिथे बापाचा हुद्दा आणि पलटण लिहीत. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांच्या नोंदी जमवणाऱ्या फिबिस संस्थेची सूची फुकट चाळता येते. कॅथलिकांच्या नोंदी मात्र त्यात अपुऱ्या आहेत, म्हणून छावणीजवळच्या जुन्या कॅथलिक चर्चकडेही विचारा.

मग पलटण ब्रिटनच्या राणीची की ईस्ट इंडिया कंपनीची ते पाहा. कंपनीच्या मुंबई फौजेचे कागद ब्रिटिश लायब्ररीत ‘एल/मिल/१२’मध्ये, राणीच्या फौजेचे लंडनमधल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. कंपनीच्या गोऱ्या पलटणी १८६१-६२मध्ये राणीकडे गेल्या. मुंबई फ्युजिलिअर्स तेव्हा १०३ नंबरची पलटण झाली. त्या काळातल्या माणसाचे कागद दोन्हीकडे शोधावे लागतात.

क्यूमध्ये सगळे ‘डब्ल्यूओ ९७’ ही नोकरीतून सुटलेल्या शिपायांच्या कागदांची मालिका पाहतात आणि नाव नसलं की थांबतात. पण १८८३पूर्वी त्यात मुख्यतः पेन्शनवर सुटलेलेच आहेत. नोकरीत वारलेले किंवा पळून गेलेले नाहीत. त्यांच्यासाठी ‘डब्ल्यूओ १२’ ही हजेरी-पगाराची पुस्तकं तिमाही-तिमाही उलटा. कंटाळवाणं काम आहे, पण खरा ऐवज तिथेच आहे. त्या पुस्तकांतल्या मेलेल्या आणि सुटलेल्या शिपायांच्या यादीत जन्मगाव, धंदा आणि भरतीची तारीख मिळते.

बायकोसाठी एक खूणगाठ बांधा: कमांडिंग ऑफिसरच्या परवानगीशिवाय लग्न केलं असेल तर पलटणीच्या कागदांत तिचा मागमूस नसतो, चर्चच्या नोंदीतच असतो. नवरा वारला की विधवेला फार काळ आधार मिळत नसे, त्यामुळे पुष्कळजणी काही महिन्यांत त्याच पलटणीत दुसरं लग्न करत. ती एकाएकी ‘गायब’ झाली तर पुढच्या वर्षभरातली विधवांची लग्नं तपासा.

आयर्लंडमध्ये १९व्या शतकातली जनगणना जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे. त्यामुळे भिस्त पॅरिश (चर्चच्या हद्दीतला विभाग) रजिस्टरांवर. साधारण १८८०पर्यंतची कॅथलिक रजिस्टरं आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. लष्करी कागदातलं पॅरिश बहुधा सरकारी असतं, कॅथलिक पॅरिशचं नाव आणि हद्द वेगळी असू शकते. आडनावाआधीचा ‘ओ’ लावून आणि गाळून, दोन्ही तऱ्हांनी शोधा. भरतीच्या वेळचं वय दोन-तीन वर्षांनी चुकलेलं धरा. फक्त काउंटी (जिल्हा) कळली असेल, तर १८४७ ते १८६४च्या ग्रिफिथ व्हॅल्युएशन या जमीन-घरांच्या करआकारणीच्या यादीत ते आडनाव कुठल्या पॅरिशांत दाट आहे ते पाहून तिथून सुरुवात करा.