वाचकांचे प्रश्न : बदनाम लॉजचा खरा इतिहास कुठे सापडतो?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी कापूस बाजाराजवळ एक जुनं लॉज कुलूपबंद पडलं आहे. तिथे बार चालायचा, 1980 च्या सुमारास एका कापूस दलालाचा खून झाला, मालकाला फाशी झाली आणि लॉज बंद पडलं, असं जो तो सांगतो. गावाच्या स्मरणिकेत लिहायचं आहे. खरं-खोटं कसं करावं? (एक वाचक, जि. वर्धा)

उत्तर : अख्खी गोष्ट एकदम तपासायला जाऊ नका, तिचे तुकडे करा. प्रत्येकाचा कागद वेगळ्या कचेरीत असतो.

बारचं लगेच कळतं. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. तेव्हा एक तर साल चुकलंय, नाही तर धंदा चोरीचा होता.

फाशीचा धागा सगळ्यात पक्का. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी उच्च न्यायालयाने ती कायम करावी लागते, म्हणजे प्रकरण नागपूर खंडपीठात गेलंच असणार. साल मागे सरकलं तरी नागपूरच : 1936 ते 1956 तिथे स्वतंत्र उच्च न्यायालय होतं, त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट. मात्र शोधायला आरोपीचं नाव लागतं. लॉजच्या नावाने तिथे काहीच निघत नाही.

ते नाव आखीव पत्रिकेवरून, म्हणजे भूखंडाच्या प्रॉपर्टी कार्डावरून मिळेल. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात जाताना शीट क्रमांक आणि भूखंड क्रमांक हाताशी ठेवा. ‘अमुक लॉजची पत्रिका द्या’ म्हणाल तर हात हलवत परत याल, कारण पत्रिकेवर धारकाचं नाव असतं, पाटीवरचं नाही. शेजारच्या दुकानदाराची पत्रिका आधी बघा; शीट बहुधा तीच असते. फेरफारांच्या रकान्यात वारसांची लांबलचक रांग दिसली, तर लॉज खुनामुळे नव्हे, भावाभावांच्या वाटणीत बंद पडलं असण्याचा संभव जास्त. बदनाम इमारतींच्या बाबतीत हे फार वेळा होतं. भांडणापेक्षा भूत सांगायला सोपं.

बंद पडल्याचं साल नगरपरिषदेच्या कर आकारणीत बघा. यादी साधारण दर चार वर्षांनी नव्याने होते. ‘लॉज’ असा वापर कोणत्या यादीपर्यंत आहे ते पाहिलं, की चार वर्षांच्या आत साल येतं.

नोंदवही दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, जोडपत्र ‘अ’, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘लॉजचा इतिहास द्यावा’ असं लिहिलं की अर्ज वाया गेला; भूखंड क्रमांक आणि सालं घालून नोंदवहीची पाहणी मागा. पाहणीचा पहिला तास फुकट असतो, नंतर लागेल त्या पानाची प्रत 2 रुपयांत.

निकालपत्र हाती येईपर्यंत कुणाचं नाव छापू नका. मयताची बदनामी केली तरी नातेवाईक कोर्टात जाऊ शकतात.

प्रश्न : जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारणारं मुंबईचं वॉटसन हॉटेल अजून आहे का? (एक वाचक, आर्वी)

उत्तर : हॉटेल नाही, इमारत आहे, काळा घोड्याजवळ, ‘एस्प्लनेड मॅन्शन’ नावाने. बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून 1860 च्या दशकात इथे उभारला. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची चलचित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली ती इथेच. हॉटेल फक्त युरोपीयांसाठी होतं, एवढं खरं. त्या अपमानातून 1903 चं ताज उभं राहिलं, यावर मात्र अभ्यासक शंका घेतात. 2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला, तेव्हा बघायला गेलात तर समोरच्या फुटपाथवरून बघा.