गोव्याच्या पावसात ठेंगणा हायब्रिड टी गुलाब: जमिनीत की कुंडीत?

तुम्ही विचारलेय की म्हापशाजवळ घर आहे, अंगण लहान आहे, शुक्रवारच्या बाजारातून आणलेले गुलाब दर पावसाळ्यात पाने झडून मरतात. आता ठेंगणा हायब्रिड टी, म्हणजे लांब दांड्यावर एकेक टपोरे फूल देणारा गुलाब, आणायचा तर तो जमिनीत लावावा की कुंडीत? आणि सासूबाईंना चतुर्थीला त्याची फुले मिळतील का?

कुंडीतच लावा. कारण फक्त जागेच्या टंचाईचे नाही. दोन-अडीच फुटांवर थांबणारे झाड कुंडीसकट उचलून बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या छपराखालच्या ओसरीत, ठेवता येते, आणि गोव्यात गुलाब जगवण्याची निम्मी विद्या तेवढीच आहे. पाच फुटी झाड पावसातून बाजूला काढता येत नाही. मी फोंडा तालुक्यात राहतो, आमच्याकडे पाऊस तुमच्यापेक्षा जास्तच. तरी ओसरीला ठेवलेले गुलाब सप्टेंबरपर्यंत पानांनिशी उभे असतात.

झाड नेमके कशाने मरते ते आधी पाहा. बहुतेकांना वाटते मुळे कुजली. तेही होते, पण त्याआधी पानांवर काळे ठिपके येतात. कडा विस्कटलेले गोल डाग पडतात, भोवती पिवळेपणा पसरतो आणि पान गळते. ही बुरशी मातीतून आणि पडलेल्या पानांतून पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर उडते, आणि पान सलग सात-आठ तास ओले राहिले की आत शिरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हवाही तिला हवी तशी ऊबदार. पान कोरडे राहणार कधी? झाड साठवलेल्या ताकदीवर नवी पाने काढते, तीही झडतात. असे दोन-तीनदा झाले की फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली येतात. म्हणजे ते उपाशी मरते. म्हणून खत वाढवून ते वाचत नाही, पान कोरडे ठेवले तर वाचते.

बाल्कांवात ठेवताना पूर्वेची बाजू निवडा, उघडीप मिळाली की सकाळचे ऊन थेट लागेल अशी. पागोळ्यांच्या रेषेत मात्र कुंडी कधीच नको. तिथे पाऊस थांबल्यावरही पाणी टपकत राहते आणि खालची माती उडून पानांच्या मागे बसते. पाणी सकाळी, बुंध्याशी. पिवळे पान दिसले की काढा, गळलेले उचला, आणि ते खतकुंडीत न टाकता जाळा.

आता जात. हायब्रिड टी म्हणजे लांब दांड्यावर एकेक टपोरी, टोकदार कळी. १८६७ सालच्या ‘ला फ्रान्स’ या फ्रेंच गुलाबाला या वर्गाचा पहिला मानतात. तेव्हा त्यांत खरा पिवळा रंग नव्हता. तो १९००च्या सुमारास पेर्ने-द्युशे या फ्रेंच संकरकाराने ‘पर्शियन यलो’शी संकर करून आणला, आणि त्या पूर्वजाकडून काळ्या ठिपक्यांची ओढही सोबत आली. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की पहिले रोप पिवळे, केशरी किंवा दुरंगी घेऊ नका. लाल किंवा गुलाबी घ्या. ‘इन्ग्रिड बर्गमन’ मिळाला तर तोच आणा. डेन्मार्कच्या पौलसेन घराण्याचा हा १९८४चा गडद लाल गुलाब आटोपशीर वाढतो आणि रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो. नाव माहीत नसलेले रोप घ्यायचे तर दोन पानांमधले अंतर पाहा. पेरे जवळजवळ असतील तर झाड ठेंगणे राहील, पण रोप सावलीत ताणलेले नाही ना याची खात्री करा. ‘डच गुलाब’ म्हणून विकतात ते बहुधा पॉलीहाऊसमध्ये फुलांच्या दांड्यांसाठी वाढवलेल्या जातींचे असतात. उघड्यावर, आपल्या हवेत ते लवकर खचतात. बटण गुलाब वेगळा, तो चिवट असतो पण तुम्हाला हवे ते टपोरे फूल देत नाही.

रोप डोळा भरलेले असते, म्हणजे खाली रानटी खुंट आणि वर कलम. तो जाडसर सांधा मातीच्या दोन बोटे वर राहू द्या. सांध्याखालून येणारा फुटवा मुळापासून ओढून काढा, नाहीतर खुंट कलमाला खाऊन टाकतो. एका पानात सात छोटी पाने (पर्णिका) असलेली फांदी म्हणजे रानटी, असे लोक ठामपणे सांगतात. ते खरे नाही, चांगल्या कलमालाही सात पर्णिकांची पाने येतात. फांदी सांध्याच्या वरून आली की खालून, एवढेच पाहायचे.

कुंडी बारा ते चौदा इंच रुंद आणि तेवढीच खोल, मातीची असल्यास उत्तम. तळाला मोठे भोक, आणि कुंडी दोन विटांवर. आपली जांभ्याची लाल माती आंबट असते, सामू (पीएच) पुष्कळदा पाच-साडेपाच. गुलाबाला सहा-साडेसहा हवा. म्हणून लागवडीआधी दोन-तीन आठवडे मातीत मूठभर विझवलेला चुना मिसळून, ओलावून ठेवा. तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घातल्या तर त्या वर्षभर हळूहळू तेच काम करतात. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, खतातला नत्र वासाबरोबर उडून जातो. नंतर दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग जाड रेती आणि ओंजळभर कडुनिंबाची पेंड. सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुसा घालायचा असेल तर आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. खारट पाण्यात कुजवलेल्या सोडणांत मीठ राहते आणि गुलाबाला मीठ सोसत नाही. माडाच्या आळ्यात मीठ आणि सुके तारले (मासे) घालायची जुनी रीत इथे चालवू नका. घर खाडीजवळ असेल तर मे महिन्यातले विहिरीचे पाणी चाखून पाहा. मचूळ लागले तर गुलाबाला नळाचेच द्या.

फवारणीचे विचारले नाहीत, पण ती लागतेच. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पोफळीच्या कोळे रोगासाठी (सुपारी कुजवणाऱ्या बुरशीसाठी) फवारतात ते मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण गुलाबालाही चालते, फक्त निम्म्या ताकदीचे, कारण ढगाळ हवेत पूर्ण ताकदीचे पाने भाजते. पाच लिटर पाण्याला पंचवीस ग्रॅम मोरचूद आणि पंचवीस ग्रॅम चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा. स्वच्छ कोयत्याचे पाते बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर धरला तर चुना थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरून संपवा. फवारा पहिल्या मोठ्या पावसाआधी, मेअखेर, पाने कोरडी असताना, पानाच्या दोन्ही बाजूंना. पुढे उघडीप मिळेल तेव्हा पंधरवड्याने. हे औषध रोग येऊ नये म्हणून आहे, आलेले ठिपके पुसले जात नाहीत.

छाटणी दसऱ्यानंतर, पाऊस खरोखर गेला की. ही तारीख महत्त्वाची, कारण गोव्यात गुलाबाचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होते. उत्तरेकडे झाड वीतभर ठेवून छाटतात, तसे इथे करू नका. वरचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मे काढा. मेलेल्या काड्या आणि आत वळलेल्या फांद्या आधी. बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या (अंकुराच्या) किंचित वर तिरका काप घ्या. मग वरची दोन इंच माती बदलून शेणखत द्या आणि कुंडी पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी आणा. छाटणीपासून फुलापर्यंत सहा-सात आठवडे लागतात. पंधरा-वीस ऑक्टोबरला छाटलेले झाड ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या (सेंट झेवियरच्या सणाच्या) सुमारास फुलते. नाताळात हवी असतील तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटा. फूल सुकले की पाच पर्णिकांच्या जोमदार पानाच्या वर कापा, पुढचा बहर महिना-दीड महिन्यात येतो. डिसेंबर ते मार्च हा आपला खरा हंगाम. या काळात कोवळ्या पानांवर पांढरी भुरी आली तर कुंड्यांतले अंतर वाढवा. मार्चनंतर फुलकिडे कळ्या तपकिरी करतात, त्यावर लिटरला पाच मिली कडुनिंबाचे तेल थोड्या साबणाच्या पाण्यात, संध्याकाळी. एप्रिल-मेची फुले लहान, पातळ आणि एका दिवसाची असतात. त्या कळ्या खुडून झाडाला विसावा द्या, दुपारी सावली द्या.

चतुर्थीला गुलाब मागू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात झाड पाने सांभाळण्यात गुंतलेले असते. तेव्हा आलेली कळी वाटाण्याएवढी असतानाच काढावी, ती झाडाला महाग पडते. सासूबाईंसाठी अंगणाच्या मोकळ्या मातीत जाई आणि अबोली लावा, दोन्हींना आपला पाऊस मानवतो आणि त्या दिवसांत फुलतात. गुलाब त्यांना डिसेंबरात द्या.