फ्रीस्टाइल चेसमध्ये प्रतिस्पर्ध्याची कमकुवत घरं कशी हेरायची?

फ्रीस्टाइल चेसमध्ये मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांची सुरुवातीची मांडणी दर डावाला चिठ्ठी टाकल्यासारखी बदलते, म्हणून ओपनिंगचं, म्हणजे सुरुवातीच्या ठरावीक चालींचं, पाठांतर तिथे चालत नाही. मग कमकुवत घरं, म्हणजे ज्यांचं नीट रक्षण होत नाही अशी घरं, सापडणार कशी, असं तुम्ही विचारलंय. मी ती पहिल्या चालीआधीच शोधतो.

नेहमीच्या मांडणीत प्रत्येक प्याद्याला मागून आधार असतो. काळ्याच्या एफ७ला (एफ स्तंभ, सातवी रांग) तो एकट्या राजाचा, म्हणून हल्ले तिकडे वळतात. राजा दोन हत्तींच्या मध्ये आणि उंट भिन्न रंगांच्या घरांवर, एवढंच पाळून ९६० मांडण्या होतात. त्यांतल्या काहींत एखादं प्यादं चक्क निराधार असतं. ते आधी शोधा.

ही मांडणी घ्या, ए पासून एच पर्यंत: उंट, वजीर, हत्ती, उंट, राजा, घोडा, घोडा, हत्ती. काळ्याच्या जी७ला कुणाचाच आधार नाही. पांढऱ्याने बी३ खेळताच ए१चा उंट थेट जी७वर रोखला जातो, आणि त्यामागे एच८ला हत्ती आहे. पण तुमचं जी२ही तितकंच उघडं आहे! काळा बी६ खेळला आणि दोघांनीही मारामारी केली, तर दोन्हीकडचा एकेक हत्ती जातो, हाती काही उरत नाही.

म्हणून माझ्या मते खरा फायदा प्यादं मारण्यात नाही, धमकी देऊन प्यादं हलवायला लावण्यात आहे. प्यादी मागे येत नाहीत. काळ्याने घोडा ई६वर आणला तर त्याचं भागतं, ती चांगली चाल आहे. पण त्याने एफ६ खेळून कर्ण बंद केला, की ई६ राखायला प्याद्यांपैकी फक्त डी७चं उरतं. ते पुढे सरकलं की ई६वर कुठल्याच प्याद्याचा ताबा राहत नाही. मग जी१चा घोडा एफ३, डी४ करत तिकडे न्यायचा. ई-प्यादं पुढे काढलं की डी१चा उंट जी४वर येऊन त्याच घरावर जोर देतो. एफ८चा घोडा ई६वर नजर ठेवून असतो. तो आधी बदलून टाका, नाहीतर तुमचा घोडा तिथे टिकणार नाही.

वेळ मात्र दवडू नका. फ्रीस्टाइलमध्येही कॅसलिंगनंतर (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवल्यावर) राजा जी किंवा सी स्तंभातच येतो. काळ्याचा राजा जी८वर बसला की जी७ला आधार मिळतो आणि तुमच्या धमकीतला दम जातो. ई६चं भोक मात्र कॅसलिंगने बुजत नाही.