चीजचे ताट आणि सोलापूरचा एप्रिल

प्रश्न : येत्या एप्रिलमध्ये मुलाचे सहकारी, एकूण आठजण, आमच्याकडे जेवायला येणार आहेत. त्यांतील दोघे काही वर्षे फ्रान्समध्ये राहिलेले आहेत, म्हणून जेवणाआधी फ्रेंच पद्धतीचे चीज आणि पाव मांडावे असे मनात आहे. मागे एकदा मी सहा प्रकारचे चीज, जॅम, बिस्किटे आणि सुका मेवा एकाच ताटात रचला होता. तासाभरात मऊ चीज वितळून बिस्किटांखाली गेले. यंदाच्या पाहुण्यांपैकी तिघे काटेकोर शाकाहारी आहेत. कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : आपले ताट बिघडले ते गर्दीमुळे आणि उन्हामुळे. सहाऐवजी तीनच प्रकार आणा : एक मऊ, ब्री किंवा कॅमेंबेर, एक कठीण, कॉम्तेसारखे, आणि एक निळ्या बुरशीचे किंवा शेळीच्या दुधाचे. पुढे पूर्ण जेवण असल्याने माणशी साठ ग्रॅम, म्हणजे आठजणांना अर्धा किलो चीज पुरेसे होते. (फ्रान्समध्ये चीज सहसा मुख्य जेवणानंतर, गोडाच्या आधी येते, आपले पाहुणे हे जाणून असतील, पण त्यावरून कोणी रुसणार नाही.)

शाकाहाराचा मुद्दा मात्र खरेदीच्या आधीच निकालात काढावा. दूध विरजून घट्ट करण्यासाठी ब्री द मो, कॉम्ते, रोकफोर अशा पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये प्राण्याच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात, त्यामुळे ती काटेकोर शाकाहारी माणसाला चालत नाहीत. भारतात याच धर्तीवर बनणारी अनेक चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटची असतात. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून तीच घ्यावीत. ताटात एकही संशयास्पद तुकडा नसला म्हणजे यजमानीणबाईंना प्रत्येकाजवळ जाऊन खुलासा करावा लागत नाही.

फ्रिजमधून काढलेल्या थंडगार चीजला चव नसते, म्हणून ते तासभर आधी बाहेर काढावे, असे सर्वत्र सांगितले जाते. तो सल्ला पॅरिसच्या हवेसाठी ठीक आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा कठीण चीज अर्धा तास आणि मऊ चीज पंधरा मिनिटे आधी काढले तरी पुरे. ब्रीचा तुकडा बोटाने दाबल्यावर किंचित दबावा, पण कापलेल्या बाजूने ओघळू नये, ही खूण लक्षात ठेवा. पुण्याहून चीज आणणार असाल, तर थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांवर कापड घालून त्यावर ठेवावे.

मांडणीसाठी घरातला लाकडी पोळपाट उत्तम, फक्त त्याला फोडणीचा वास नसावा. सौम्य चीजपासून उग्र चीजकडे असा क्रम लावा, दोहोंमध्ये चार बोटे मोकळी जागा सोडा आणि निळ्या चीजला स्वतंत्र सुरी द्या, नाहीतर त्याचा वास सगळ्यांना लागतो. ब्रीच्या त्रिकोणी तुकड्याचे टोक आडवे छाटू नये. टोकापासून सालीपर्यंत लांब पातळ काप काढले म्हणजे प्रत्येकाला मधला मऊ भाग आणि साल दोन्ही मिळतात. ती पांढरी साल खायचीच असते. सोबत जिल्ह्यातली द्राक्षे, थोडे अक्रोड आणि वाटीत मध, एवढेच ठेवा. डाळिंबाचे दाणे दिसतात सुरेख, पण रस सुटून पांढऱ्या चीजवर डाग पडतात.

पाव ताटात न ठेवता शेजारी टोपलीत ठेवावा. फ्रान्समध्ये 1993 च्या सरकारी आदेशानुसार ‘परंपरागत’ पावात टिकाऊपणाची द्रव्ये घालता येत नाहीत, म्हणून सकाळचा बगेत, म्हणजे कडक सालीचा लांबट फ्रेंच पाव, संध्याकाळी चामट होतो. आपला बगेतही तसा झाल्यास पाण्याचा हात फिरवून 180 अंशांवर पाच मिनिटे ओव्हनमध्ये ठेवावा. बगेत मिळालाच नाही तर गोडसर लादीपावाच्या नादी न लागता आपली ज्वारीची कडक भाकरी मोडून ठेवा. ती कुरकुरीत आणि चवीला सौम्य असते, त्यामुळे मऊ चीजखाली इतकी शोभते की मी स्वतः ती बगेतच्याही आधी उचलीन. शेंगाची चटणी मात्र जेवणापर्यंत बरणीतच राहू द्या, कारण तिच्या लसणापुढे ब्रीचा निभाव लागत नाही.

उरलेले चीज प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता बटर पेपरमध्ये गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे.